सोवळ्यातले इंग्रजी

शब्द शुद्ध असावा, वाक्य व्याकरणाच्या कसोटीला उतरावे, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या मनाला ते बोचावे, असा प्रकार कोणत्याही भाषेत घडू शकतो. अशा वेळी अर्थ पोचतो, परंतु भाव वाटेतच बदलतो. मायबोलीत बोलताना आपल्या हातून असे सहसा होत नाही; कारण कोणता शब्द कोणाशी आणि कोणत्या वेळी वापरावा, याचे शिक्षण आपणांस पाळण्यापासून मिळालेले असते. परकी भाषा मात्र आपण बहुधा पुस्तकातून शिकतो, आणि पुस्तकात शब्द छापता आला तरी सूर छापता येत नाही.

या विषयाकडे आमचे लक्ष एका वाचक भगिनींच्या पत्राने वेधले. त्यांचे चिरंजीव हिंजवडीस एका कंपनीत नोकरीस असून त्यांना रोज दूरध्वनीवरून विलायतेतील मंडळींशी बोलावे लागते. मुलगा परीक्षांत नेहमी वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला, इंग्रजीचे व्याकरण तोंडपाठ. असे असता तिकडून तक्रार आली की, हे गृहस्थ फार तुटक व अरेरावीने बोलतात. परिणामी परदेशी ग्राहकांशी बोलण्याचे काम त्याजकडून काढून दुसऱ्यास देण्यात आले. भगिनी लिहितात, “माझा मुलगा स्वभावाने अगदी गाय आहे. वडिलांपुढे त्याने कधी आवाज चढविला नाही. मग त्याला उद्धट म्हणावे तरी कोणी आणि कशावरून?” मुलाने तिकडे उच्चारलेली दोन वाक्ये त्यांनी उतरवून पाठविली आहेत. पहिले, ‘आय डू नॉट अ‍ॅग्री’. दुसरे, ‘यू हॅड बेटर सेंड द पेपर्स टुडे’. दोन्ही वाक्यांत व्याकरणाचा दोष कोणासही काढता येणार नाही. तथापि तक्रार खोटी होती असेही म्हणता येणार नाही. हे कसे, ते आज पाहू.

प्रथम आपल्याकडील इंग्रजी कोणत्या घराण्यातले आहे, ते ध्यानात घेतले पाहिजे. पुण्यात 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. पुढे 1851 मध्ये इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन तिचे पूना कॉलेज झाले व 1864 मध्ये त्यासच डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. ज्या शहरात संस्कृताच्या ओसरीवरच इंग्रजीला पाट मांडला गेला, तेथे ती भाषाही संस्कृताप्रमाणेच शिकविली जावी, यात नवल ते काय! सूत्र पाठ करावे, रूपे चालवावी, ग्रंथ लावावा, भाषांतर करावे. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले तेव्हाही, आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी गेली तेव्हाही, इंग्रजी ही प्रामुख्याने वाचण्याची, लिहिण्याची, अर्ज करण्याची आणि व्यासपीठावरून बोलण्याची भाषा होती. चहा घेता घेता बोलण्याची ती भाषा नव्हती. त्या शिक्षणाने मोठमोठे वक्ते व ग्रंथकार दिले, हे त्याचे ऋण आम्ही विसरत नाही. परंतु त्यामुळे आपले इंग्रजी कायमचे सोवळ्यात राहिले. ‘डोन्ट’, ‘कान्ट’, ‘आइल’ ही रूपे आपल्याला ओवळी वाटत राहिली. पूर्ण रूप म्हणजे शुद्ध, आखडते रूप म्हणजे आळशी माणसाचे, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली.

ही समजूत आपल्याच भाषेच्या बाबतीत कितपत टिकते, ते पाहावे. आपण घरात ‘तू काय करीत आहेस?’ असे म्हणतो काय? ‘काय करतोयस?’ असेच म्हणतो. ‘मी आलो आहे’ याचे ‘आलोय’, ‘झाले आहे’ याचे ‘झालंय’, ‘कसे आहे’ याचे ‘कसंय’ होते. ‘आहे’ हे क्रियापद बोलण्यात मागच्या शब्दाच्या कुशीत शिरते आणि त्याचा केवळ ‘य’ उरतो. हा आळस नव्हे. हा भाषेचा सहज उच्छ्वास आहे. आता कल्पना करा की, मुलगा उशिरा घरी आला आणि आईने दारातच त्याला एकेक अक्षर सुटे करून विचारले, ‘तू आतापर्यंत कोठे होतास, हे मला कळू शकेल काय?’ मुलगा लगेच ओळखतो की, आज काही खरे नाही. शब्द सौम्य आहेत, वाक्य शुद्ध आहे. परंतु ती शुद्धताच रागाची खूण आहे. त्याहून राग वाढला म्हणजे ‘आपली स्वारी कोठे गेली होती?’ असा आदरार्थी प्रयोग होतो. घरच्या माणसाशी एकदम लेखी भाषेत अथवा अतिआदराने बोलणे म्हणजे त्याला क्षणभर परके करणे होय. हे तत्त्व आपण मराठीत रोज पाळतो, आणि इंग्रजीत गेलो की विसरतो.

संस्कृताचे अध्ययन केलेल्या वाचकांस यात अपरिचित असे काही नाही. शब्द एकमेकांजवळ आले म्हणजे त्यांचे उच्चार मिसळतात, यालाच आपण संधी म्हणतो. ‘सः अहम्’ याचे ‘सोऽहम्’ होते, आणि लोप पावलेल्या अकाराच्या जागी आपण अवग्रहाचे चिन्ह घालतो. इंग्रजी ‘डू नॉट’ मधील ‘नॉट’चा स्वर गळून ‘डोन्ट’ होते तेव्हा ते लोक वर एक लहानशी आकडी देतात. ती आकडी म्हणजे त्यांचा अवग्रहच समजावा. आपल्या वैयाकरणांनी आणखी एक मार्मिक नियम सांगून ठेवला आहे. एका पदात, धातू व उपसर्ग यांत, आणि समासात संधी नित्य होय. वाक्यातील सुट्या पदांत मात्र तो करावा की न करावा हे बोलणाऱ्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. इंग्रजी संक्षेपाचेही तसेच आहे. तो करणे वा न करणे विवक्षेवर अवलंबून असते, आणि म्हणूनच तो न करण्यालाही अर्थ प्राप्त होतो. जेथे सर्वजण ‘डोन्ट’ म्हणतात तेथे एकाने ‘डू नॉट’ म्हटले, तर ऐकणारा विचार करतो की, याने हे दोन शब्द मुद्दाम सुटे का केले? आणि उत्तर मिळते: जोर देण्यासाठी, वा रागावून.

याकरिता एक छोटे समीकरण ध्यानात ठेवावे. ‘आइल कम’ म्हणजे ‘येतो’ किंवा ‘येईन’. ‘आय विल कम’, त्यातही ‘विल’वर भार दिल्यास, ‘मी येणारच’. ‘आय वोन्ट कम’ म्हणजे ‘मी येणार नाही’. हेच स्वरूपतः जरा कडक आहे. आणि ‘आय विल नॉट कम’ म्हणजे ‘मी मुळीच येणार नाही, काय करायचे ते करा’. जे काम आपण ‘च’ या एका अक्षराने करतो, ते काम तेथे शब्द सुटा ठेवून होते. आपल्याकडे ‘च’, ‘ना’, ‘हं’, ‘की’, ‘बरे का’, ‘बुवा’, ‘बाई’ अशा निपातांचे केवढे तरी भांडार आहे. ‘येते’ आणि ‘येते हं’ यांत अंतर किती! शिवाय शब्दांची जागा बदलूनही आपण सूर पालटतो: ‘मी येणार नाही’ ही माहिती आहे, ‘मी नाही येणार’ हा रुसवा आहे. इंग्रजीत शब्दांची जागा अशी सहज हलविता येत नाही आणि निपातही थोडे. तेव्हा रुसवा, आग्रह, मार्दव व जरब या सर्वांची सोय त्या भाषेला स्वरात, संक्षेपात आणि शब्दांच्या निवडीत करावी लागली.

याला दुसरेही एक कारण आहे, आणि आमच्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. कोणत्या पायरीवर उभे राहून बोलावयाचे, हे एकदा ठरले की आदराचा प्रश्न अर्धा सुटतो. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीतही ‘दाऊ’ आणि ‘यू’ असे दोन शब्द होते. पुढे शिष्ट बोलण्यातून ‘दाऊ’ गेला, आणि राजापासून कुत्र्यापर्यंत सर्वांस एकच ‘यू’ उरला. सर्वनामातील भेद गेला, तरी मनुष्यामनुष्यांतील अंतर काही गेले नाही. ते दाखविण्यासाठी भाषेने दुसऱ्या वाटा शोधल्या. परंतु येथे मराठी मनुष्य एक घोटाळा करतो. त्याला वाटते, आखडते रूप म्हणजे ‘तू’, आणि पूर्ण रूप म्हणजे ‘आपण’. म्हणून वरिष्ठांशी बोलताना तो मुद्दाम ‘आय अ‍ॅम’, ‘डू नॉट’, ‘कॅनॉट’ असे बोलतो. वस्तुतः वरिष्ठांशी बोलतानाही इंग्रज मनुष्य ‘डोन्ट’च म्हणतो. तेथे पूर्ण रूपाने आदर वाढत नाही, केवळ अंतर वाढते.

कित्येक ठिकाणी तर संक्षेपाने अर्थच बदलतो. ‘लेट्स गो’ म्हणजे ‘चला, जाऊ या’. ‘लेट अस गो’ याचा तोही अर्थ होतो. परंतु पकडून ठेवलेल्या माणसाने म्हटले तर ‘आम्हाला जाऊ द्या’ असाही होतो. चर्चमध्ये पाद्री ‘लेट अस प्रे’ असे पूर्ण रूपच उच्चारतो, कारण तेथे गांभीर्य हवे असते. ‘वोन्ट यू सिट डाउन?’ म्हणजे ‘बसा ना!’, ‘विल यू सिट डाउन!’ म्हणजे, आवाज जरा चढला तर, ‘बसतोस की नाही?’ तसेच वाक्याच्या शेवटी होकारार्थी संक्षेप चालत नाही. ‘आर यू रेडी?’ याला ‘येस, आय अ‍ॅम’ असेच उत्तर द्यावे लागते, ‘येस, आइम’ म्हणून भागत नाही. नकार मात्र शेवटीही आखडतो: ‘नो, आय डोन्ट’. आपलेही पाहा ना! ‘बाबा घरात आहेत का?’ याला ‘हो, आहेत’ असे पूर्णच म्हणावे लागते. शेवटचा शब्द ओझे वाहणारा असतो. त्याला अंग चोरून चालत नाही.

संक्षेपाइतकीच शब्दांची निवडही सूर ठरविते. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि राजदरबारात व न्यायालयात फ्रेंच भाषा आली. ग्रंथांतून लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाच्या शब्दांचे दोन-तीन थर साचले. ‘आस्क’ हा घरचा, ‘क्वेश्चन’ हा दरबारचा, ‘इंटरॉगेट’ हा फौजदाराचा. ‘बिगिन’ घरचा, ‘कमेन्स’ कचेरीचा. आपल्याकडे ‘पाणी’, ‘जल’ व ‘उदक’ यांचे नाते असेच आहे. पाहुण्यांस आपण पाणी देतो. संध्येच्या वेळी उदक सोडतो. पाहुण्याला ‘उदक घेणार काय?’ असे विचारले, तर तो हसेल तरी किंवा उठून जाईल. आपले विद्यार्थी कचेरीच्या इंग्रजीवर वाढलेले असल्याने मित्राशी बोलतानाही ‘कमेन्स’, ‘परचेस’, ‘रिसाइड’ असे उदकच वाढीत असतात.

यातील एक उदाहरण विशेष नाजूक आहे. मराठीत थोरांविषयी ‘मेले’ म्हणणे हा अनादर होय. आपण ‘वारले’, ‘गेले’, ‘निवर्तले’ असे म्हणतो. तोच संस्कार घेऊन आपण इंग्रजीत ‘डाइड’ हा शब्द टाळतो आणि ‘माय फादर एक्स्पायर्ड’ असे म्हणतो. हेतू केवढा शुद्ध! परंतु आजच्या इंग्रज माणसाच्या कानाला ‘एक्स्पायर’ हा शब्द परवान्याच्या किंवा तिकिटाच्या मुदतीची आठवण देतो. त्यांच्याकडे ‘डाइड’ या साध्या शब्दात अनादर मुळीच नाही. अधिक मार्दव हवे असल्यास ‘पास्ड अवे’ म्हणावे. आदर कोणत्या शब्दात राहतो, हे ज्या त्या भाषेनेच ठरविलेले असते. तो एका भाषेतून उचलून दुसरीत ठेवता येत नाही.

‘काइंडली’ या शब्दाचेही असेच आहे. अर्जात तो शोभतो. तोंडी मात्र ‘विल यू काइंडली मूव्ह?’ असे म्हटले, तर ते ‘कृपा करून आता तरी सरका!’ याच सुरात ऐकू जाते. मराठीत ‘कृपया’ हा शब्द बोलण्यात जवळजवळ नाहीच. तो पाटीवर असतो, आणि पुण्यातील पाटीवरच्या ‘कृपया’मध्ये कृपेचा अंश किती असतो, हे आम्ही पुणेकर वाचकांस काय सांगावे! आपली विनंती क्रियापदात असते: ‘देता का?’, ‘द्याल का?’, ‘जरा द्या ना’. तिचे शब्दशः इंग्रजी केले की ‘गिव्ह मी’ एवढेच उरते, आणि ती आज्ञा होते.

‘मस्ट’ या शब्दाची गंमत निराळी आहे. ‘यू मस्ट टेक सम मोअर’ हे यजमानीण म्हणते तेव्हा तो हुकूम नसून आपल्या पंगतीतील आग्रह असतो: ‘एक तरी पोळी घ्यायलाच हवी हं!’ तोच ‘मस्ट’ स्वतःच्या कामासाठी वापरला, ‘यू मस्ट सेंड इट टुडे’, की हुकूम होतो. ज्यात ऐकणाऱ्याचे हित, तेथे जोर म्हणजे प्रेम. ज्यात बोलणाऱ्याचे हित, तेथे जोर म्हणजे जरब. ‘हॅड बेटर’ मात्र नेहमीच जपून वापरावे. आपण त्याचा अर्थ ‘असे केलेत तर बरे होईल’ असा शिकलेलो असतो. प्रत्यक्षात त्यात ‘न केल्यास परिणाम भोगावा लागेल’ ही छाया असते. आई मुलाला किंवा मित्र मित्राला सावधगिरीची सूचना म्हणून ते म्हणू शकतो. कामाच्या ठिकाणी बरोबरीच्या माणसास वा वरिष्ठास ते धमकीसारखे लागते. पत्रलेखिकेच्या चिरंजीवांचे दुसरे वाक्य बोचले, ते याच कारणाने. ‘कुड यू सेंड द पेपर्स टुडे?’ म्हटले असते, तर कागद तेच आले असते आणि मनही राहिले असते. पहिले वाक्यही ‘आइम नॉट शुअर आय अ‍ॅग्री’ असे म्हणता आले असते. मतभेद तोच, परंतु दार उघडे राहते.

‘कुड’, ‘वुड’ ही भूतकाळची रूपे असून विनंतीत का येतात, असा प्रश्न आम्हांस विद्यार्थी नेहमी विचारीत. याचे उत्तर मराठीतच आहे. शेजारी घरी येतात आणि म्हणतात, ‘आपल्याकडे जरा काम होते.’ काम काल होते आणि आज नाही असे थोडेच आहे? ‘मला एक विचारायचे होते’, ‘मी काय म्हणत होतो’, ही सर्व वाक्ये वर्तमानातील विनंतीची आहेत. गोष्ट एक पाऊल मागे, भूतकाळात नेऊन ठेवली की तिचा भार ऐकणाऱ्यावर थेट पडत नाही, आणि नाही म्हणण्यास त्याला जागा राहते. ‘आय वाँटेड टु आस्क’ आणि ‘मला विचारायचे होते’ ही सख्खी भावंडे आहेत. मायबोली नीट न्याहाळली तर परकी भाषा निम्मी घरबसल्या कळते, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आता कोणी म्हणेल, ही आखडती रूपे इंग्रजांच्या पंडितांना तरी मान्य होती काय? नव्हती. जोनाथन स्विफ्ट या ख्यातनाम ग्रंथकाराने 1710 साली ‘टॅटलर’ या नियतकालिकात अशा काटछाटीवर सडकून टीका केली आणि ती भाषेला रानटीपणाकडे नेईल असे भय दाखविले. परंतु त्याच सुमारास त्याने जिव्हाळ्याच्या माणसांना जी खाजगी पत्रे लिहिली, व जी पुढे ‘जर्नल टु स्टेला’ या नावाने प्रसिद्ध झाली, त्यांत अशीच रूपे जागोजाग आहेत. चारचौघांत सोवळे आणि घरात ओवळे, हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हे! उलट बर्नार्ड शॉ याने ‘डोन्ट’, ‘कान्ट’ ही रूपे खुशाल लिहिली, आणि वर कित्येकांवरची आकडीही निरुपयोगी म्हणून काढून टाकली. आपल्याकडे मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 साली मान्य झाले, तेव्हा पात्रांच्या तोंडी ‘केलं’, ‘म्हटलं’ अशी बोलण्याची रूपे लिहिण्यास मुभा मिळाली. एरवीच्या लेखनात ‘केले’, ‘म्हटले’ हीच राहिली. म्हणजे लेखणीचा धर्म निराळा व जिव्हेचा निराळा, हे आपणही अखेर मान्य केलेच.

सुराच्या चुकीने केवढा अनर्थ होतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण जॉन गंपर्झ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1982 साली आपल्या ग्रंथात नोंदले आहे. या गृहस्थांचे नाव महाराष्ट्रास परके नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावी मराठी, कानडी व उर्दू या भाषा एकमेकींच्या सहवासात कशा सारख्या झाल्या, यावरील त्यांचा 1971 सालचा निबंध जगभर वाचला जातो. इंग्लंडातील एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया वाढण्याचे काम करीत. मांसाबरोबर रस हवा का, हे विचारताना इंग्रज वाढपी ‘ग्रेव्ही?’ असा शब्द शेवटी स्वर चढवून उच्चारीत. या स्त्रिया तोच शब्द स्वर खाली आणून उच्चारीत. त्यांच्या रीतीने तोही प्रश्नच होता. ऐकणाऱ्याला मात्र ‘ही ग्रेव्ही आहे, हवी तर घ्या’ असे वाटे. एका शब्दाचा स्वर उतरला, आणि कष्टाळू बायका तुसड्या ठरल्या. त्यांना आपले काय चुकते ते कळेना, आणि तक्रार करणाऱ्यांनाही नेमके काय खटकते ते सांगता येईना. ध्वनिमुद्रणे ऐकवून दोन्ही पक्षांस हा भेद दाखविला, तेव्हा कोठे गाठ सुटली.

आपल्या शास्त्रकारांनी या स्वरविकारास ‘काकु’ असे नाव दिले आहे. भरताने नाट्यशास्त्रात साकांक्ष व निराकांक्ष असे तिचे दोन प्रकार सांगितले. ‘वेणीसंहार’ नाटकात भीम, आपण कौरवांना मारणार नाही अशा अर्थाचे शब्द उच्चारतो. परंतु काकूने त्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे मारीनच, असा होतो, आणि मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ते उदाहरण म्हणून घेतले आहे. ज्या परंपरेने स्वराचा एवढा सूक्ष्म विचार केला, तिच्या वारसांनी इंग्रजी शिकताना स्वराकडे पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

तथापि अतिरेक दोन्ही बाजूंनी वाईट. पूर्ण रूपाला त्याचे स्थान आहेच. अर्ज, करारनामा, परीक्षेतील निबंध, सांत्वनाचे औपचारिक पत्र यांत संक्षेप करू नये. बोलण्यातही जेथे अर्थाचा घोटाळा होण्याचे भय असेल, तेथे पूर्ण रूपच वापरावे. अमेरिकेत ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांतील शेवटचा ‘ट’ अनेकदा ऐकूच येत नाही. होकारातील ‘कॅन’ ते अगदी अस्फुट, ‘कन्’सारखा उच्चारतात आणि नकारातला ठसठशीत. आपण होकारही ठसठशीत उच्चारतो. म्हणून ‘आय कॅन कम’ म्हटले तर ‘येऊ शकत नाही’ असे त्यांना ऐकू येण्याचा संभव असतो. औषध, प्रवास, पैसा यांविषयी बोलताना सरळ ‘येस, आय कॅन’ किंवा ‘नो, आय कॅनॉट’ असे म्हणावे. येथे सोवळे पाळणेच शहाणपणाचे.

दुसरा अतिरेक तरुण मंडळींचा. चित्रपट पाहून ती ‘गॉना’, ‘वॉना’, ‘एंट’ अशी रूपे उचलतात आणि मुलाखतीसही तीच घेऊन जातात. केवळ उच्चार उचलला म्हणजे भाषा आली असे नव्हे, हे शॉच्या ‘पिग्मॅलियन’ने दाखविले आहे. पु. ल. देशपांडे यांनी 1975 साली ‘ती फुलराणी’ या नावाने त्याचे मराठी रूप रंगभूमीवर आणले, ते पुष्कळांनी पाहिले असेल. मूळ नाटकातील फुलवालीचे उच्चार निर्दोष होतात, तरी प्रतिष्ठितांच्या बैठकीत बोलण्याचा विषय व शब्द यांचा मेळ बसत नाही आणि फजिती होते. उसना स्वर आणि उसना शब्द यांनी एकमेकांस ओळखले पाहिजे.

असाही आक्षेप येईल की, आपले इंग्रजी आपल्या रीतीने का बोलू नये? दोन मराठी माणसे पुण्यात एकमेकांशी इंग्रजीत बोलत असतील, तर त्यांनी खुशाल आपल्या वळणाने बोलावे. त्या वळणाचा सूर दोघांस कळतो. उच्चार बदलून साहेब होण्याची तर कोणासच गरज नाही. प्रश्न साहेब होण्याचा नसून आपल्या मनातील सौजन्य दुसऱ्याच्या मनापर्यंत अखंड पोचविण्याचा आहे. पाहुणा कोकणातला असो वा देशावरचा, त्याला रुचेल असे वाढणे यात यजमानाचा कमीपणा नसतो.

पालकांनी यासाठी काय करावे? मुलांना व्याकरण शिकवावेच. परंतु एखादे इंग्रजी नाटक घरात दोघातिघांनी भूमिका वाटून मोठ्याने वाचावे. एकच वाक्य विनंतीच्या, रागाच्या व थट्टेच्या सुरात म्हणवून घ्यावे, आणि त्याच भावाचे मराठी वाक्य शेजारी ठेवावे. ‘आपण हे आईला कसे म्हणू? परक्याला कसे म्हणू?’ हा प्रश्न मुलांना वारंवार विचारावा. ज्यांची नातवंडे परदेशी वाढत आहेत, अशा आजी-आजोबांनी तर हे विशेष मनावर घ्यावे. आजोबांनी प्रेमाने ‘यू मस्ट नॉट रन, यू विल फॉल’ असे एकेक शब्द तोलून म्हटले, की नातू बिचकतो. त्याला ते रागावणे वाटते. ‘डोन्ट रन, यूल फॉल’ यात तीच काळजी त्याला कळते. आणि नातू आजोबांना भाबडेपणाने ‘तू कुठे चाललायस?’ म्हणतो तेव्हा आजोबांनीही दुखावून जाऊ नये. ज्या भाषेत तो वाढला, तिच्यात सर्वांना एकच ‘यू’ आहे. त्याला ‘तुम्ही’ हळूहळू शिकवावे.

कोणी आपल्याशी परक्या भाषेत कठोर बोलला असे वाटले, तर त्याच्या स्वभावाचा निवाडा करण्यापूर्वी, त्याने ती भाषा कोठे आणि कशी शिकली, हे एकदा मनाशी विचारावे. पुष्कळदा दोष मनाचा नसून पाठ्यपुस्तकाचा निघतो.